महापालिकेच्या शाळेत समुपदेशक मागता येतो का? भाची सातवीत आहे, अचानक गप्प झालीये.

येतो. पण तोंडी मागू नका, लेखी द्या. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत निदान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजसेवक हवाच. अर्ज मुख्याध्यापकांना, प्रत शाळा व्यवस्थापन समितीला. त्या समितीत कायद्याने ७५ टक्के पालक असतात, त्यांना गाठा.

मात्र समुपदेशक आला म्हणजे झालं असं समजू नका. त्याला बसवतात कुठे ते बघा. मी कुर्ल्याच्या बाजूला पालिकेच्या शाळेत वर्षानुवर्षं शिकवलंय, म्हणून सांगते.

आमच्याकडे एका संस्थेची समुपदेशक ताई आठवड्यातून एकदा यायची. तिला टेबल दिलं स्टाफरूममध्ये. एका बाजूला पेपर तपासणं, दुसऱ्या बाजूला खिचडीचा हिशेब, शिपाई चहा घेऊन आत-बाहेर. माझ्या वर्गातली एक मुलगी मधली सुट्टी संपली की पोट धरून बाकावर डोकं टेकायची, घरी सोडा म्हणायची. सगळ्यांचं एकच, नाटकं आहेत. मी तिला ताईकडे नेलं. ताईने विचारलं, घरी कोण कोण असतं? मुलीने आधी पलीकडच्या टेबलावरच्या बाईंकडे पाहिलं, मग ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "सगळे असतात." पुढे एक शब्द नाही.

मी एचएमकडे, म्हणजे मुख्याध्यापकांकडे, खोली मागितली. म्हणाले, "बाई, मुंबईत माणसाला राहायला खोली मिळत नाही, तुम्ही बोलायला मागताय." वरच्या मजल्यावर एक खोली होती, कुलूप लावून मोडकी बाकं रचलेली. भांडून किल्ली घेतली. तिथे ती मुलगी बोलली. वडिलांचं काम सुटलेलं, घरी पिऊन पडायचे. आई दुपारी धुण्याभांड्याला निघाली की धाकटा भाऊ त्यांच्यापाशी एकटा. नेमकं त्याच वेळेला हिचं पोट दुखायचं. भावाला आमच्याच इमारतीतल्या दुपारच्या बालवाडीत घेतलं, आणि पोटदुखी पुष्कळ कमी झाली. झोप मात्र येत नव्हती, त्यासाठी पुढे सायन रुग्णालयात न्यावंच लागलं.

एवढं होऊनही एचएमचं पालुपद तेच, "पोरांच्या डोक्यात खूळ भरायची कामं. आम्ही काय समुपदेशक घेऊन शिकलो?" मी तेव्हाही म्हटलं, आताही म्हणते, जिचा जीव घरी अडकलाय तिला अपूर्णांक शिकवून दाखवा. आणि "शिक्षकच करतील की समुपदेशन" हेही मला मान्य नाही. मार्क देणारी मी, घरी निरोप धाडणारी मी, माझ्यापाशी मूल किती मोकळं होणार? त्यात वर्ग सांभाळून निवडणुकीची कामं आहेतच.

तुमच्या भाचीसाठी शाळेची वाट बघत बसू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. सायन, केईएम, नायर या तिन्ही रुग्णालयांत मानसोपचाराची ओपीडी आहे, केसपेपर काढायचा आणि जायचं. कधीकधी वाचता-लिहिता येत नाही म्हणूनही मूल गप्प होतं, ती तपासणीही सायनला होते. मरणाची भाषा केली किंवा स्वतःला इजा केली तर ओपीडीची वेळ बघायची नाही, तडक अपघात विभागात. आणि कुणी नको तसा हात लावल्याचं कळलं तर १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन. पॉक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखाली, ते पोलिसांना कळवावंच लागतं, म्हणून "कुणालाच सांगणार नाही" असं वचन तिला तुम्हीही देऊ नका.

बंद खोलीत मूल एकटं कसं सोडायचं, असं शाळा म्हणेल. ती काळजी खरी आहे. म्हणून अर्जातच लिहा, स्वतंत्र खोली, दाराला काच. बाहेरून दिसलं पाहिजे, ऐकू येता कामा नये.