‘सरांसारखं व्हायचंय’ म्हणजे नेमकं काय?

गोव्यातल्या डिचोलीहून एका आईचं पत्र आलंय. मुलगी बारावीला, कला शाखेत, भूगोल आवडीचा. चार वर्षं संध्याकाळी फुटबॉल शिकायला जाते. आता म्हणते, “मला टीचर व्हायचंय, आमच्या सरांसारखं.” वडिलांचं म्हणणं, सर कोच आहेत, शिक्षक कुठे? आईचा प्रश्न: तिला बी.पी.एड.ला, म्हणजे शारीरिक शिक्षणाच्या पदवीला, घालावं का?

ताई, नमस्कार.

तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट तुम्ही तक्रार म्हणून लिहिली आहे. ती उशिरा घरी येते, कारण लहान मुलांना शिकवत बसते. त्यातला एक मुलगा सारखा बुटाच्या टोकानं चेंडू मारायचा. तिनं चेंडू चिखलात लोळवला, त्याला पास द्यायला लावला आणि म्हणाली, “आता बघ, चिखल बुटाला कुठे लागलाय.” टोकाला लागला होता. आतल्या बाजूला लागेपर्यंत तो मारत राहिला. हे सरांनी शिकवलं का, असं तुम्ही विचारलंत, तर म्हणे, “नाही, त्याला सांगून कळतच नव्हतं.”

सांगून कळत नसेल तर दाखवायची दुसरी वाट शोधायची, हे बी.एड.च्या वर्गातही सगळ्यांना जमतंच असं नाही.

मुलांना शिक्षकाचं काम कोचमध्ये आधी दिसतं, याचं मला नवल वाटत नाही. वर्गात मुलाचं काय चुकलं ते पेपर तपासताना कळतं. मैदानावर त्याच क्षणी. कोचला तिथल्या तिथे थांबवून, हालचालीचे तुकडे पाडून पुन्हा करून घ्यावं लागतं. संघात नाव न आलेल्या पोराशी काय बोलायचं, तेही त्यालाच ठरवावं लागतं. तुमच्या मुलीनं हे चार वर्षं जवळून पाहिलंय. (2012 साली आपल्या सरकारनं फुटबॉलला राज्याचा खेळ केलं, पण परीक्षा जवळ आली की पी.टी.चा तास गणिताला जातो तो जातोच. तेव्हा वडिलांचा प्रश्न त्यांच्या एकट्याचा नाही.)

म्हणून बी.पी.एड.ची घाई नको. आधी तिला एवढंच विचारा: सर फुटबॉलऐवजी तबला शिकवत असते, तरी तुला त्यांच्यासारखं व्हायचं असतं का? उत्तर ‘हो’ आलं तर तिला शिकवणं आवडतंय. मग भूगोल घेऊन बी.ए. आणि त्यानंतर दोन वर्षांचं बी.एड. हा सरळ रस्ता. फोंड्याला फर्मागुडीत आणि पणजीत आल्तिनोवर बी.एड.ची जुनी कॉलेजं आहेत. लहान मुलांतच रमत असेल तर बारावीनंतर दोन वर्षांचं डी.एल.एड., म्हणजे प्राथमिक शिक्षकाची पदविका. बारावीनंतरच पदवी आणि बी.एड. एकत्र देणारा चार वर्षांचा अभ्यासक्रमही आहे, त्याला एनसीईटी ही प्रवेश परीक्षा लागते. उत्तर ‘नाही, फुटबॉलच हवा’ असं आलं, तर पदवीनंतर बी.पी.एड. आहेच. मैदान कुठल्याही वाटेनं सुटत नाही: अठरा पूर्ण झाल्यावर फुटबॉल महासंघाचं डी लायसन्स करता येतं, ती कोचिंगची सुरुवातीची पायरी.

आता नोकरीचं, कारण वडील तेच विचारणार. पहिली ते आठवीसाठी टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, लागते, खुल्या गटाला 60 टक्के गुण. सरकारी नोकरीला पंधरा वर्षांचा रहिवासी दाखला आणि कोंकणीचं ज्ञान हवं. पटसंख्या घटून मराठी प्राथमिक शाळा बंद पडताना तुम्ही पाहताच, त्यामुळे फक्त प्राथमिकवर भिस्त ठेवू नका. सुरुवातीची काही वर्षं लेक्चर बेसिसवर, म्हणजे तासागणिक मानधनावर, काढायची तयारीही हवी. गोड बोलून मी तुम्हाला फसवणार नाही.

तिला एकदा सरांकडे अर्धा तास मागायला सांगा आणि कामातलं काय नकोसं वाटतं तेवढंच विचारायला लावा. ‘माझ्या मुलाला का नाही घेतलं’ म्हणून भांडायला येणारे पालक, पावसात वाया गेलेले दिवस, सगळं. ते ऐकूनही मन तिथेच राहिलं, तर मग फॉर्म भरा.

आणि वडिलांना एका संध्याकाळी मैदानावर पाठवा. मोठ्यांची मॅच चालते तिकडे नको, लहान मुलं असतात त्या कोपऱ्यात. पाऊस पडून गेलेला असला तर त्या मुलाचे बूट बघून यायला सांगा.