एक रुपयापासून बोली, की तीस हजारांपासून?

ताई, तुमच्या पत्राचा गोषवारा आधी वाचकांसाठी देतो. गिरगावातली चाळ पुनर्विकासाला गेली आहे. महिनाभरात तुम्हाला दहिसरला भाड्याच्या वन बीएचकेत जायचंय आणि तुमच्या दिवंगत वडिलांचं सामान तिथे मावणार नाही. त्यातला निकॉन एफएम2 कॅमेरा, सहा एचएमटी घड्याळं आणि 120 एलपी, म्हणजे ग्रामोफोनच्या मोठ्या तबकड्या, विकायच्या आहेत. चोर बाजारातल्या एका व्यापाऱ्याने घरी येऊन सगळ्याचे मिळून 38,000 रुपये सांगितले: कॅमेऱ्याचे 14,000, घड्याळांचे 9,000 आणि तबकड्यांचे 15,000. तुम्हाला मात्र हौशी संग्राहकांच्या फेसबुक ग्रुपवर लिलाव करायचाय. तिथे कमेंटमध्ये बोली लागते आणि रविवारी रात्री दहाला बंद होते. तुमचे यजमान म्हणतात, सगळं एक रुपयापासून सुरू करू, भाव आपोआप चढेल; नाहीच चढला तर ठाण्याचा मेहुणा, म्हणजे तुमचा भाऊ, दोन-चार बोल्या लावून चढवेल. तुम्ही म्हणता, कॅमेरा तीस हजारांच्या खाली सुरूच करायचा नाही.

थोडं दोघांचंही चुकतंय, यजमानांचं जरा जास्त.

मेहुण्याचा बेत आजच सोडा. स्वतःच्याच मालावर आपल्या माणसाकडून बोली लावून घेणं ही फसवणूक आहे. अशा ग्रुपवर तेच ते लोक वर्षानुवर्षं असतात, त्यांच्या ते लगेच लक्षात येतं. शिवाय वडिलांनी मृत्युपत्र केलं नसेल, तर त्या कॅमेऱ्यात तुमच्या भावाचाही वाटा आहे, आई असतील तर त्यांचाही. म्हणजे भाऊ स्वतःच्याच वस्तूवर बोली लावणार! त्यापेक्षा लिलावाआधी त्याची व्हॉट्सॲपवर लेखी संमती घ्या. बोली लागल्यावर ‘हा कॅमेरा मला हवा होता’ असं कोणी म्हणालं तर तुम्हाला शब्द फिरवावा लागेल.

आता किमतीकडे. लिलावात शेवटचा भाव ठरवतो तो दोन नंबरचा माणूस. एकाला तुमचा कॅमेरा पंचवीस हजारांना हवा असला आणि दुसऱ्याची उडी अकरा हजारांपर्यंतच असली, तर पहिला अकरा हजारांच्या जरा वर जाऊन थांबतो. तुम्हाला मिळतात साडेअकरा. म्हणून मूळ प्रश्न आहे, खरोखर बोली लावणारे किती जण येतील?

एक रुपयाची युक्ती काही वेडगळ नाही. 2006 साली गिलियन कू, ॲडम गॅलिन्स्की आणि कीथ मर्निघन या संशोधकांनी ऑनलाइन लिलाव अभ्यासले, तेव्हा कमी किमतीपासून सुरू झालेल्या वस्तू बऱ्याचदा जास्त भावाला गेल्या. स्वस्त दिसल्यामुळे जास्त लोक आत शिरतात, एकदा बोली लावली की माघार घेववत नाही, आणि गर्दी बघून आणखी गर्दी होते. पण ज्या वस्तूंच्या नावाचं स्पेलिंगच चुकलेलं होतं, त्या शोधताना फार कोणाला सापडल्या नाहीत, आणि तिथे कमी सुरुवात अंगाशी आली. गर्दी असेल तर एक रुपया चालतो. नसेल तर माल एक रुपयाला द्यायची तयारी हवी.

तुमच्या ग्रुपला सभासद हजारोंनी असतील, त्या आकड्याला काही अर्थ नाही. मागच्या काही महिन्यांतले कॅमेऱ्यांचे लिलाव काढा आणि प्रत्येकात वेगवेगळी नावं किती आहेत ते मोजा. पाच-सहा नावं दिसली तर खालून सुरू करायला हरकत नाही. दोनच दिसली तर नको. त्याच वेळी ‘सोल्ड’ लिहिलेल्या भावांची यादी करा. मला वाटतं, तुमचे तीस हजार कुणीतरी मागितलेल्या किमतीवरून आले आहेत. मागायला काय, कोणी लाखही मागेल.

तुमचा तळ, म्हणजे ज्याच्या खाली विकायचंच नाही तो भाव, मात्र आपल्याला काढता येतो. व्यापाऱ्याचे 14,000 आज रोख हातात आहेत. विमा आणि कुरियरसकट पॅकिंगला समजा 800 लागले आणि ग्रुपचालकाचं कमिशन 10 टक्के धरलं, तर 14,800 ला 0.9 ने भागायचं. येतात साधारण 16,450. त्याच्या खाली विकलं तर एवढी दगदग करून व्यापाऱ्यापेक्षा कमी पडले. म्हणून बोली लावणारे थोडे असतील तर सुरुवात 16,500 पासून. चांगली गर्दी असेल तर 9,999 पासून, पण ग्रुपचे नियम राखीव किंमत ठेवू देत असतील तरच, आणि ‘16,500 च्या खाली दिला जाणार नाही’ हे पोस्टमध्येच लिहून. छुपी राखीव किंमत लोकांना आवडत नाही. तीस हजारांपासून सुरू केलात तर बहुधा एकही बोली येणार नाही, आणि पुढच्या रविवारी तोच कॅमेरा पुन्हा टाकलात की लोक म्हणणार, यात काहीतरी खोट आहे.

खोट आहे का, हे आधी तुम्ही बघा. मुंबईच्या पावसाळ्यात कपाटात राहिलेल्या लेन्सला बुरशी धरते. लेन्स काढा, मागून मोबाईलचा टॉर्च मारा आणि पुढून तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढुरके धागे दिसले तर त्यांचा जवळून फोटो काढून पोस्टमध्ये टाका आणि सुरुवात दोन-तीन हजारांनी उतरवा. व्यापाऱ्याने ती बुरशी पाहून 14,000 सांगितले की न पाहता, हेही विचारा. न पाहता सांगितले असतील तर तो तळही खाली येईल. एफएम2 चं शटर पूर्ण यांत्रिक आहे, सेल नसतानाही चालतं, सेल लागतो तो प्रकाश मोजायला. म्हणून 1 सेकंदापासून 1/4000 पर्यंत प्रत्येक वेगावर बटण दाबून छोटा व्हिडिओ काढा. माझ्या मते बोली हजार-दोन हजारांनी चढेल ती या व्हिडिओमुळे.

घड्याळांची गोष्ट वेगळी आहे. एचएमटीचा घड्याळांचा कारखाना 1961 साली जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने सुरू झाला आणि 2016 साली एचएमटीची ही घड्याळांची कंपनी बंद झाली. तेव्हापासून तिच्या ‘जनता’, ‘पायलट’ या जुन्या मॉडेलना हौशी गिऱ्हाईक वाढलं, आणि त्याबरोबर रंगवलेल्या डायलचा मालही. जगभरचे संग्राहक अशा नव्याने रंगवून विकलेल्या जुन्या घड्याळांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. आपल्या शहराची ख्याती! त्यामुळे मुंबईहून आलेल्या घड्याळाकडे लोक आधी संशयानेच बघतात. वडिलांनी स्वतः घेतलेली असतील आणि बिल किंवा डबी सापडली, तर तिचा फोटो हवाच. मागचं झाकण घड्याळजीकडून उघडून आतल्या मशिनचाही. ‘पायलट’ असेल तर ते एकटं, त्याच हिशोबाने काढलेल्या तळापासून. बाकीची एकत्र लॉटमध्ये, बिनधास्त 500 पासून. त्यांना बोली लावणारे बरेच मिळतात.

एलपी मात्र व्यापाऱ्यालाच द्या. कव्हरसकट एक एलपी पाव किलोच्या आसपास, म्हणजे 120 चं तीस किलो ओझं. सुट्या विकायच्या तर प्रत्येकीला पुठ्ठ्याचं वेगळं पॅकिंग, आणि घर बदलायच्या महिन्यात तुम्ही ते करत बसणार? जास्तीचे चार-पाच हजार सुटतीलही, पण एवढी मेहनत करण्याजोगी ती रक्कम नाही. फक्त आधी व्यापाऱ्याला विचारा: कॅमेरा आणि घड्याळं काढून घेतली तर तबकड्यांचे 15,000 राहतात ना? कधीकधी एका चांगल्या वस्तूच्या जोरावर बाकीचा भाव सांगितलेला असतो.

कराची काळजी नको. घरात वापरलेला कॅमेरा, साधी घड्याळं, तबकड्या या वैयक्तिक वापराच्या चीजवस्तू. त्यांच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. दागिने, चित्रं, शिल्पं यांना ही सूट नाही, तसं काही निघालं तर मला पुन्हा लिहा.

पैसे घेताना एक सांभाळा. ‘हा क्यूआर कोड स्कॅन करा, पैसे तुमच्या खात्यात येतील’ असं बोली जिंकणारा म्हणाला तर फोन ठेवा. यूपीआयवर पैसे घ्यायला कोड स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही कधीच लागत नाही. आणि वस्तू पाठवायची ती बँकेच्या ॲपमध्ये रक्कम जमा दिसल्यावरच, त्याने पाठवलेल्या स्क्रीनशॉटवर नाही.

घर सोडायला महिना आहे, म्हणजे तुमच्याकडे दोन रविवार धरा, जास्त नाही. पहिल्या रविवारी कॅमेरा आणि ‘पायलट’, दुसऱ्या रविवारी घड्याळांचा लॉट. कॅमेऱ्याला 16,500 ची एकही बोली आली नाही, तर तो परत ग्रुपवर टाकू नका. फोर्टातल्या बोरा बाजारात जुने कॅमेरे घेणारी दुकानं आहेत, तिथे दोन ठिकाणी दाखवा आणि चोर बाजारवाल्याच्या 14,000 पेक्षा जो जास्त देईल त्याला देऊन टाका. त्या व्यापाऱ्याला मात्र आजच फोन करून विचारा, त्याचा भाव तोवर टिकेल का.