शाळेत नव्वद टक्के, शिष्यवृत्तीच्या सरावात निम्मेही नाहीत

दिवाळीची सुट्टी संपली की शिष्यवृत्तीचे सराव पेपर जोरात सुरू होतात आणि पाठोपाठ माझ्याकडे एक ठरलेली तक्रार यायला लागते. शाळेत इतके चांगले मार्क पडतात, मग इथेच काय होतं? आठवीतल्या एका मुलाची आई आली ती निष्कर्षही सोबत घेऊनच. सहामाहीत नव्वद टक्के, सरावाच्या पहिल्या पेपरात 150 पैकी 68. ‘‘शाळेत मार्क वाटतात हो मॅडम. याला खरं तर काही येत नाही.’’ मुलगा शेजारीच बसला होता, पण तो तिथे नसल्यासारखं हे बोलणं चाललं होतं.

नुसत्या आकड्यावर मी बोलत नाही. पुढच्या वेळी प्रश्नपत्रिका आणि उत्तरपत्रिका दोन्ही घेऊन या, असं सांगितलं.

ज्यांच्या घरात ही परीक्षा झालेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची ही परीक्षा 2025-26 पर्यंत पाचवी आणि आठवीला असायची. पेपर दोन, प्रत्येकात 75 प्रश्न, 150 गुण आणि 90 मिनिटं. म्हणजे एका प्रश्नाला सव्वा मिनिटापेक्षाही कमी. चार पर्यायांतून निवडायचं आणि वर्तुळ रंगवायचं. आठवीला काही प्रश्नांची दोन उत्तरं बरोबर असायची, ती दोन्ही नोंदवावी लागायची. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत.

उत्तरपत्रिका पाहिली तर एकसष्टाव्या प्रश्नापासून शेवटपर्यंत सलग दुसरा पर्याय रंगवलेला. सरळ रेष. मी काहीच बोलले नाही, फक्त त्या रेषेवर बोट ठेवलं. तो म्हणाला, ‘‘कंटाळा आला होता. आणि क्लासचा पेपर होता ना, हे मार्क कुठे धरतात?’’ मग शाळेत वर्षाच्या सुरुवातीला झालेल्या पायाभूत चाचणीचं विचारलं. ‘‘ती तर कोणीच सिरियसली घेत नाही.’’ आई रागावली. मला मात्र त्याचं उत्तर प्रामाणिक वाटलं. ज्या चाचणीवरून मुलांचं पुढचं शिकवणं ठरवायचं, तिला मुलं किती मनावर घेतात हे आपण मोठी माणसं विचारतच नाही.

ही एकट्या या मुलाची गोष्ट नाही. अर्थशास्त्रज्ञ जॉन लिस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या आणि शांघायमधल्या शाळकरी मुलांना गणिताचे 25 प्रश्न दिले होते. काही मुलांना ऐन पेपरच्या तोंडावर 25 डॉलर हातात दिले आणि न आलेल्या प्रत्येक उत्तरामागे एक डॉलर परत घेऊ असं सांगितलं. शांघायच्या मुलांना तेवढ्याच मोलाची रक्कम त्यांच्या चलनात. अभ्यासाला वेळच नव्हता, तरी अमेरिकन मुलांचे गुण वाढले. शांघायच्या मुलांमध्ये फारसा फरक पडला नाही, बहुधा ती पैशांशिवायच जीव ओतून सोडवत होती. 2019 साली हे प्रसिद्ध झालं. (हे सांगितल्यावर एका बाबांनी लगेच ‘मग दर पेपरला किती द्यायचे?’ असं विचारलं होतं. कृपा करून तसलं काही सुरू करू नका.)

पहिल्या साठ प्रश्नांतल्या चुका उरल्या. गणितातले चुकलेले प्रश्न मी पर्याय झाकून कोऱ्या कागदावर सोडवायला दिले. बऱ्याच ठिकाणी रीत बरोबर, शेवटच्या पायरीवर चिन्ह चुकलेलं किंवा एकक बदलायचं राहिलेलं. शाळेच्या पेपरात अशा वेळी पायऱ्यांचे गुण मिळतात, फार तर अर्धा-एक जातो. इथे प्रश्नाचे दोन्ही गुण जातात. त्यातून पर्याय काढणाऱ्याला मुलं नेमकी कुठे घसरतात हे ठाऊक असतं, म्हणून घसरून आलेलं उत्तरही पर्यायांत तयार असतं. मुलाला वाटतं, जमलं! दोन उत्तरांच्या प्रश्नांत तर पहिलं बरोबर सापडलं की हा थांबत होता, पुढचे पर्याय वाचतच नव्हता.

इथपर्यंत आईचा चेहरा बराच सैल झाला. ‘‘म्हणजे येतंय त्याला सगळं.’’

तसंही नव्हतं. दुसऱ्या पेपरात इंग्रजीत बरे मार्क होते, म्हणून तोच प्रयोग तिथेही केला. पर्याय झाकून शब्दांचे अर्थ विचारले, तर ज्याचे गुण मिळाले होते त्यातलंही पुष्कळ सांगता येईना. पर्यायांनी गणितात त्याचे गुण खाल्ले होते आणि इंग्रजीत न कमावलेले दिले होते. पेपरची पद्धत दोन्हीकडे ओढते, हे पालकांना पटवणं अवघड जातं. कमी मार्क पडले तर पेपर वाईट आणि जास्त पडले तर मुलगा हुशार, असाच हिशोब घराघरांत चालतो.

मग घरी करायला एक काम दिलं. सराव पेपर तपासून झाला की एकूण बेरीज आधी करायची नाही. प्रत्येक चुकीपुढे मुलाने स्वतः लिहायचं : येत नव्हतं, येत होतं पण घसरलो, की बघितलंच नाही. आईने त्यावर वाद घालायचा नाही, ही अट. आठवड्याला एकच पेपर, पण पूर्ण 90 मिनिटं बसून, आणि अधूनमधून एकसष्टपासून सुरुवात करून. वर्तुळ रंगवताना प्रश्नाचा क्रमांक जुळवून घ्यायचा, कारण उलट्या क्रमाने सोडवताना तिथेच गोंधळ होतो. इंग्रजीसाठी पेपर नाहीतच. रोज पाठातला एक परिच्छेद मोठ्याने वाचायचा आणि मराठीत सांगायचा.

‘बघितलंच नाही’ हा रकाना सर्वांत आधी रिकामा झाला. घसरणं कमी व्हायला वेळ लागला, पूर्ण थांबलं नाहीच. फेब्रुवारीत परीक्षा झाली. तो पात्र ठरला, गुणवत्ता यादीत आला नाही. आईने फोनवर निकाल सांगितला आणि त्याच दमात विचारलं, नववीला इंग्रजीचा क्लास लावू का? म्हटलं, आधी तो परिच्छेद वाचतोय का ते सांगा.