से कॅथेड्रलसाठी निधी आणि श्रमदान: आधी हे वाचा

तुमच्या गटाचे दोन प्रश्न आहेत. जुन्या गोव्यातल्या से कॅथेड्रलच्या जतनासाठी जमवलेला निधी कुणाकडे द्यावा, आणि मे महिन्यात जाऊन भिंतींना रंग व वेदीची सफाई असं श्रमदान करता येईल का.

श्रमदान सोडून द्या. ही वास्तू केंद्र संरक्षित स्मारक आहे, 1986 पासून जागतिक वारसा यादीत आहे आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या परवानगीशिवाय तिथे साधा ब्रशही चालवता येत नाही. नियम बाजूला ठेवला तरी चांगल्या मनाने केलेल्या रंगकामाने आणि सफाईने जुन्या चर्चेसचं फार नुकसान झालं आहे. ते कसं होतं हे कळलं की पैसे कशासाठी द्यायचे तेही कळेल.

कॅथेड्रलचं बांधकाम 1562 ला सुरू झालं आणि 1619 ला मुख्य इमारत पुरी झाली. भिंती जांभ्याच्या आहेत. जांभा सच्छिद्र असतो, पाणी पितो आणि सोडतो. उघडा राहिला तर त्यातली माती पावसाने धुपते आणि दगडाला खळगे पडतात. रस्त्यापलीकडच्या बॉम जेझू चर्चचा गिलावा 1950 च्या दशकात काढून टाकला, त्याचे परिणाम आज तिथल्या भिंतीवर दिसतात. से कॅथेड्रलच्या भिंतीवरचा पांढरा चुना म्हणजे आतल्या दगडाचं चिलखत आहे, आणि ते झिजण्यासाठीच असतं. पाऊस चुना खातो, दगड वाचतो, चुना पुन्हा लावायचा.

चुन्याऐवजी सिमेंटचा गिलावा किंवा प्लास्टिक इमल्शन लावलं की भिंतीतला ओलावा आत कोंडतो. क्षार पृष्ठभागामागे स्फटिक होऊन साचतात, रंगाला फुगे येतात आणि दोन-तीन पावसाळ्यांत गिलावा दगडाचा पापुद्रा घेऊनच सुटतो. बोटाच्या सांध्याने हलकेच ठोकून पोकळ आवाज आला तर समजा की आत सुटलं आहे. योग्य कामात चुना निदान तीन आठवडे पाण्यात मुरवतात, साधारण एका भागाला तीन भाग धुतलेली वाळू घेतात आणि गूळ-हिरड्याचं पाणी घालतात. थर 10 ते 12 मिलिमीटरहून जाड नसतो, आणि ओल्या गोणपाटाखाली तो निदान आठवडाभर दमट ठेवावा लागतो. घाईने वाळला की केसासारख्या भेगा पडतात. म्हणून हे काम पावसाळा सरल्यावर, साधारण नोव्हेंबरपासून करतात. मे महिन्यात उन्हाने गिलावा भाजतो आणि मुरायच्या आत पाऊस येतो.

आता वेदी. संत कॅथरीनच्या जीवनातले प्रसंग कोरलेली मुख्य वेदी लाकडी आहे आणि तिच्यावर सोन्याचा मुलामा आहे. अशा कामात लाकडावर आधी सरस आणि पांढऱ्या भुकटीचा थर देतात, त्यावर तांबूस मातीचा, आणि मग सोन्याचा वर्ख. सरस पाण्यात विरघळतो. ओलं फडकं एकदा फिरवलं तर धुळीबरोबर सोनंही उतरतं आणि खालची तांबडी माती दिसू लागते. मग कुणीतरी सोनेरी रंगाचा डबा आणतं. तो पितळी भुकटीचा रंग असतो, काही वर्षांत हिरवट-काळा पडतो आणि मूळ सोन्याला धक्का न लावता तो काढणं फार जिकिरीचं असतं. वेदीची धूळ काढायची ती प्रशिक्षित संवर्धकाने, मऊ कोरड्या कुंचल्याने, व्हॅक्यूमचं तोंड दूर धरून. कोरीव कामाला चिकटपट्टीने माळा लावू नयेत, मेणबत्त्या आणि हॅलोजन दिवे लांब ठेवावेत. लाकडाखाली फिकट ताजा भुसा दिसला तर पोखरणारी कीड जिवंत आहे आणि भिंतीवर मातीची नळी दिसली तर वाळवी. दोन्हींत फवारणीवाल्याला बोलावण्याआधी संवर्धकाला दाखवावं, कारण औषधातलं द्रावक मुलाम्याला बाधतं.

निधीसाठी सरळ वाट म्हणजे राष्ट्रीय संस्कृती निधी, जो केंद्र सरकारने 1996 मध्ये स्थापन केला. देणगी कोणत्या स्मारकाच्या कोणत्या कामासाठी आहे हे लेखी कळवता येतं. रक्कम मोठी असेल तर देणगीदार, राष्ट्रीय संस्कृती निधी आणि काम करणारी संस्था यांचा करार होतो. आयकरात 100 टक्के वजावट मिळते, मात्र जुनी करप्रणाली निवडली असेल तरच. देणगी चेकने किंवा बँकेतूनच द्या, 2000 रुपयांवरच्या रोख देणगीला वजावट नाही.

तुमच्यातले जे परदेशात आहेत त्यांनी एक फरक ध्यानात ठेवावा. भारतीय पासपोर्ट असलेल्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत एखाद्या ट्रस्टला दिलेले पैसे परकीय देणगी ठरत नाहीत. ओसीआय कार्डधारक (भारतीय वंशाचा, पण दुसऱ्या देशाचा पासपोर्ट असलेला) परदेशी नागरिक असतो, त्याचे पैसे फक्त परकीय देणग्यांची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलेली संस्थाच घेऊ शकते. दोघांचे पैसे एका खात्यात गोळा करून पाठवू नका, घेणारी संस्था अडचणीत येते.

कलावस्तूंसाठी काही करायचं असेल तर जुन्या गोव्यातच सांता मोनिका मठात ख्रिस्ती कला संग्रहालय आहे. हस्तिदंती मूर्ती, चांदीची पूजापात्रं, भरतकामाची वस्त्रं अशा वस्तू तिथे जपल्या जातात. तिकीट काढून बघा आणि देणगीबद्दल तिथेच विचारा.

देणगीच्या पत्रात शक्यतो "नवा मुलामा" किंवा "रोषणाई" लिहू नका. पन्हळी साफ ठेवणं, कौलं बदलणं, पायथ्याचं पाणी वाहून नेणं, वाळवीची नियमित तपासणी, छायाचित्रांसह नोंदी अशा कामांसाठी द्या. फलक लावण्याजोगी ही कामं नाहीत, म्हणून त्यांना देणगीदार मिळत नाहीत. पण आत शिरलेलं पाणी थांबल्याशिवाय मुलाम्यावर केलेला खर्च वाया जातो.

हात चालवायचेच असतील तर गावच्या एखाद्या संरक्षित नसलेल्या कपेलात (छोट्या प्रार्थनाघरात), तिथल्या पाद्रींच्या संमतीने नोंदी करा. प्रत्येक भिंतीचा फोटो मोजपट्टी शेजारी धरून, त्याच जागेवरून, एकदा मेच्या अखेरीस आणि एकदा ऑक्टोबरात काढायचा. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण आणि तारीख लिहायची. ओलीचा डाग वरून येतोय की जमिनीतून चढतोय, एवढं जरी या फोटोंवरून ठरलं तरी संवर्धकाचं निम्मं काम सोपं होतं.