पुस्तकं नाहीत, पाळक महिन्यातून एकदा: मंडळीचे सेवक कसे घडवायचे?

प्रश्न : ताई, सलाम. आमच्या मंडळीला (चर्चला) स्वतःचा पाळक, म्हणजे धर्मगुरू, नाही. चार मंडळ्या सांभाळणारे पाळक महिन्यातून एका रविवारी येतात, प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षारसाचा विधी) देऊन जातात. बाकीचे रविवार आम्ही पाच-सहा जण उपासना चालवतो. सगळे नोकरी-धंदा करणारे, सेमिनरीत (पाळकांच्या शिक्षणसंस्थेत) कोणीच गेलेलं नाही. मंडळीतले वडील म्हणतात, आधी दोन वर्षांचा अभ्यासक्रम तयार करा. एक स्टडी बायबल सोडलं तर पुस्तकं नाहीत, पैसेही नाहीत. सुरुवात कुठून करू?

सलाम. अभ्यासक्रम तूर्त राहू द्या. येत्या महिन्यात तुमच्यापैकी कोणाला काय करायचं आहे, ते एका कागदावर लिहून काढा. कोणाचा उपदेश, कोणाकडे संडे स्कूल, कोण आजाऱ्यांना भेटणार. महिन्याभराचा अभ्यास त्यातूनच ठरेल.

पुस्तकं कमी आहेत हे खरं, पण तुमच्याकडे त्याहून कमी आहे ती अनुभवी माणसाची वेळ. पाळक महिन्यातून एक दिवस येतात आणि त्या दिवशी सगळं तेच करतात. उपदेश त्यांचा, प्रार्थना त्यांची, सूचनासुद्धा त्यांच्याच. त्यांना विनंती करा की उपासनेनंतर दोन तास फक्त तुम्हा पाच-सहा जणांना द्या. त्या दोन तासांत त्यांनी व्याख्यान मात्र देऊ नये. (पाळकांना हे जड जातं, मला माहीत आहे.) तुमच्यातल्या एकाने दहा मिनिटांचा उपदेश करायचा, बाकीच्यांनी बायबलमधला तो उतारा उघडा ठेवून ऐकायचं. मग आधी तुम्ही बोलायचं, शेवटी पाळकांनी. यातलं कोणतं वाक्य उताऱ्यात आहे आणि कोणतं वक्त्याने पदरचं घातलं? ऐकणाऱ्याने सोमवारी नेमकं काय करावं, हे कळलं का? या दोन प्रश्नांवर तास सहज जातो.

सगळ्यांनी बायबलमधल्या एकाच पुस्तकावर राहा. मी मार्कचं शुभवर्तमान सुचवते. 16 अध्याय आहेत, आठवड्याला एक घेतला तर चार महिन्यांत होतो. स्टडी बायबल पाळीपाळीने घरी न्या, पण आधी उतारा वाचून स्वतःचे प्रश्न वहीत लिहायचे, मगच खालच्या टिपा बघायच्या. उलट केलं की टिपांचाच उपदेश होतो आणि तो ऐकणाऱ्याला लगेच ओळखू येतो.

मंडळीतल्या त्या वडील मंडळींची समजूत घालायला एक उदाहरण देते. मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमालात प्रेस्बिटेरियन पंथाच्या सेमिनरीपुढे हीच अडचण होती. शिकायला येणारे तरुण गावाकडच्या मंडळ्यांत परतत नव्हते, आणि ज्यांच्यावर मंडळ्या खरोखर चालत होत्या ती मोठी माणसं घर आणि पोटापाण्याचं काम सोडून वसतिगृहात येऊ शकत नव्हती. 1963 मध्ये त्यांनी विद्यार्थी बोलावण्याऐवजी शिक्षण पाठवायला सुरुवात केली. पाठ घरी करायचा, आठवड्यातून एकदा शिक्षकासोबत बसायचं आणि शिकलेलं त्याच आठवड्यात मंडळीत वापरायचं. ही पद्धत पुढे अनेक देशांत गेली. माझी तक्रार एवढीच, की पुष्कळांनी घरी करायच्या पाठांच्या पुस्तिका तेवढ्या उचलल्या आणि बैठक सोडली, कारण बैठकीला माणूस लागतो. रिकाम्या जागा भरून पाठवणारा विद्यार्थी सेवक होत नाही. पाळक नसतील त्या आठवड्यांत तुम्ही आपसात बसा, पण बसाच.

प्रश्न : आमच्या स्त्रियांच्या प्रार्थना सभेतल्या सगळ्यात चांगल्या दोघींना वाचता येत नाही. प्रशिक्षणाला त्यांना घ्यावं का? काही जण नको म्हणतात.

घ्या. बायबलमधल्या तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायातली, मंडळीचा अध्यक्ष (पुढारी) कसा असावा याची यादी काढून नको म्हणणाऱ्यांना दाखवा. शिकवण्यात निपुण असावं एवढंच त्यात कौशल्याचं आहे, बाकी बहुतेक सगळं स्वभावाचं आणि घर कसं चालवतो त्याचं.

शिकवण्याची रीत मात्र बदलावी लागेल. एक गोष्ट निवडा, उदाहरणार्थ मार्कातली पक्षाघाती माणसाची, त्याला छपरातून येशूपुढे सोडतात ती. वाचता येणाऱ्या बाईने ती दोनदा मोठ्याने वाचायची, मग या दोघींनी आळीपाळीने सांगायची. तिसरीने पुस्तक उघडून बसायचं आणि काय सुटलं, काय जास्तीचं आलं तेवढं सांगायचं. छपराला भोक पाडणारे चौघे होते की तिघे, येशू आधी काय म्हणाला, पापांबद्दल की उठण्याबद्दल. क्रम चुकला की पापांची क्षमा कोण करू शकतो, हा त्या गोष्टीतला वादच निघून जातो. अशा वीस-पंचवीस गोष्टी ज्या बाईला तंतोतंत येतात, तिला कोणी अडाणी म्हणू नये. फोनवर बायबलचं ध्वनिमुद्रण मिळतं, तेही घरी ऐकू द्या.

प्रश्न : तरुण सेवकांना घरभेटीला पाठवतो. पाच मिनिटांत प्रार्थना करून परत येतात. काय शिकवावं?

काम देऊन पाठवा. 1742 साली इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या मेथडिस्ट पंथीयांवर प्रार्थनागृहाचं कर्ज होतं. प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यायची, आणि साधारण बारा जणांमागे एकाने ती गोळा करायची असं ठरलं. गोळा करणारे घरोघर जाऊ लागले तेव्हा कोण कसं जगतंय ते दिसलं, आणि त्यांचे पुढारी जॉन वेस्ली यांनी त्या वसुलीतूनच माणसांची देखभाल उभी केली. तुमचा तरुण नुसता 'भेटायला' गेला की दारातच अवघडतो. औषध पोचवायचं आहे, म्हाताऱ्या आजींना पत्र वाचून दाखवायचं आहे, असं काही हातात असलं की बसतो, बोलतो. पहिल्या काही भेटींना अनुभवी माणसासोबत पाठवा. तेव्हा तरुणाने नुसतं बघायचं.

आणि न विचारलेलं एक सांगते, कारण कमी साधनांच्या नावाखाली हेच पहिलं गळतं. दानपेटी दोघांनी मिळून मोजायची. लहान मुलासोबत एकटा मोठा माणूस बंद खोलीत असता कामा नये. कोणी मारहाण किंवा जीव देण्याचं बोललं तर 'प्रार्थना करू' म्हणून तिथेच थांबायचं नाही, जबाबदार माणसाला त्याच दिवशी कळवायचं आणि डॉक्टरची मदत मिळवून द्यायची. हे शिकवायला एक संध्याकाळ पुरते, खर्च काही नाही. हे झाल्याशिवाय कोणालाही मुलांचा वर्ग देऊ नका.

प्रश्न : शेवटी प्रमाणपत्र द्यावं का?

द्यायला हरकत नाही, पण 'प्रशिक्षण पूर्ण केले' असं लिहू नका. माणूस काय करू शकतो ते लिहा. 'अंत्यविधीची उपासना चालवतात.' 'संडे स्कूलचा वर्ग घेतात.' ज्याने ते स्वतः पाहिलं असेल त्याचीच सही घ्या. पुढे नवीन काम जमलं की त्याच कागदावर एक ओळ वाढवा.