मुलांसोबत घरी हाताने काही बनवायचं तर कल्पना कुठून आणायच्या?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की दोघंही नोकरीला, घर वन रूम किचन, मुलं नऊ आणि सहा वर्षांची, हातातून मोबाईल सुटत नाही. आणि शेवटी, "क्राफ्टचं एखादं चांगलं किट सुचवा, म्हणजे निदान दिसायला तरी नीट होईल."

ते "निदान दिसायला तरी नीट" वाचलं आणि लिहायला बसले. एरवी मी इथे नुसती वाचते.

किटचं आधी उरकते. घेऊ नका. त्यात सगळं कापून, मापात करून दिलेलं असतं, पोराने फक्त चिकटवायचं. अर्ध्या तासात संपतं आणि शेजारच्या घरात हुबेहूब तसंच दुसरं असतं. कल्पनांसाठीही कुठे जावं लागत नाही, भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं. गणपतीला मखर (२०१८ पासून थर्माकोलवर बंदीच आहे, तेव्हा पुठ्ठा आणि जुन्या साड्या), दिवाळीला कंदील आणि किल्ला, संक्रांतीला घरात लहान बाळ असेल तर बोरनहाणाचे हलव्याचे दागिने, कुणाचं लग्न असेल तर रुखवत. मधल्या दिवसांत आई-आजीच्या विरलेल्या साड्यांची गोधडी, तिला तर वर्षभरही पुरत नाही. झालं तुमच्या प्रश्नाचं उत्तर. आता मला जे सांगायचंय ते सांगते.

माझं बालपण लालबागच्या चाळीत गेलं. दहा बाय बाराची खोली, बाहेर सामाईक गॅलरी. आप्पा गिरणीत साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या मागावर होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी आठ वर्षांची. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले होते म्हणतात, मला फक्त आमच्या मजल्यावरचे आठवतात, दिवसभर गॅलरीत उभे असलेले. वाण्याची उधारी गणपतीपर्यंत चालली, मग त्याने हात जोडले. दिवाळी जवळ आली तशी आप्पांनी आणि शेजारच्या दोघांनी बुरुडाकडून बांबू आणले, फोडून कामट्या काढल्या आणि कंदील बांधायला घेतले.

आमचा कंदील कसा बांधतात ते सांगते, कारण आजकाल बऱ्याच जणांनी तो फक्त लटकलेला पाहिलाय. सारख्या लांबीच्या चोवीस कामट्या. चार-चारचे सहा चौकोन बांधायचे. मग चौकोनाचं टोक दुसऱ्या चौकोनाच्या टोकाला बांधत जायचं. एक चौकोन वर, एक खाली, चार बाजूंना. सहाही चौकोन जोडले की मध्ये आठ त्रिकोण आपोआप तयार होतात. ते कुणी बांधत नाही. लहानपणी मला ही जादूच वाटायची, मी मोजून मोजून बघायचे. पण हा सांगाडा हातात घेतला की लुळा पडतो. कुठूनही दाबा, चौकोन चेपून पतंगासारखा होतो. म्हणून आप्पा प्रत्येक चौकोनात एक तिरकी काडी घालायचे, कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत. सहा तिरक्या काड्या बसल्या की सांगाडा ताठ उभा. मग बाजूच्या चौकोनांवर आणि त्रिकोणांवर पतंगाचा कागद खळीने चिकटवायचा, खळ वाळली की कागदच त्याला धरून ठेवतो. तेव्हा उघड्या ठेवलेल्या वरच्या चौकोनातून हात घालून तिरक्या काड्या काढून घ्यायच्या, म्हणजे दिवा लावल्यावर कागदावर सावली पडत नाही. त्याच काड्या पुढच्या कंदिलाला.

गाठ आप्पा गिरणीतलीच मारायचे. साच्यावर सुताचा धागा तुटला की चालत्या कामात डोळ्याचं पातं लवायच्या आत जी गाठ मारतात, ती. डाव्या हाताच्या अंगठ्याखाली दोन टोकं एकमेकांवर आडवी दाबायची, उजव्या हाताने एक वेढा अंगठ्यावरून, आणि टोक आत सारून खेचायचं. गाठ इतकी बारीक बसते की बोट फिरवलं तरी लागत नाही. संपाच्या त्या महिन्यांत आप्पांच्या हाताला काम नव्हतं, पण गाठ तीच होती. मला ती चार दिवस जमली नाही, पाचव्या दिवशी जमली.

त्या वर्षी मी एक कंदील एकटीने बांधला. कामट्या मी हाताने मोडल्या होत्या, त्यामुळे कुठली बोटभर लांब, कुठली आखूड. झाला तो एका खांद्याने वर, एका खांद्याने खाली. आप्पांचे वीस-पंचवीस कंदील भारतमाता सिनेमाच्या समोरच्या फुटपाथवर विकायला गेले. आईला वाटलं, त्यातलाच एखादा चांगलासा आमच्या दारावर लावतील. आप्पांनी माझा लावला. शेजारचे काका म्हणाले, "अहो, दारातच वाकडा लावलात, गिऱ्हाईक काय म्हणेल?" आप्पा म्हणाले, "तो माल आहे, हा घरचा आहे." आणि बल्बची वायर सोडत बसले.

हे सगळं इतकं लांबवून सांगितलं कारण पुढचं त्याशिवाय कळणार नाही.

२०११ ची दिवाळी. आम्ही तोवर भांडुपला फ्लॅट घेऊन स्थिरावलो होतो, लेक सात वर्षांची. आप्पा जाऊन दोन वर्षं झाली होती. मी तिला ती गाठ शिकवली. तिला माझ्यापेक्षा लवकर जमली, तीन दिवसांत. चोवीस कामट्या, सहा चौकोन, सगळं तिने केलं, मी फक्त कामट्या तासून दिल्या आणि खळ शिजवली. कागद वाळल्यावर मी तिला म्हटलं, आता तिरक्या काड्या काढ. ती म्हणाली, "हिच्यामुळेच तर तो उभा आहे ना? मग हिला कशाला काढायचं?" मला यावर काही बोलता आलं नाही. काड्या राहिल्या. संध्याकाळी खिडकीच्या ग्रिलला लावून बल्ब पेटवला तर पिवळ्या कागदावर प्रत्येक चौकोनात एकेक काळी तिरकी रेघ. कंदील एका बाजूला कललेला. ती खाली कंपाउंडमध्ये जाऊन मान वर करून बघून आली, दोनदा.

रात्री ती झोपल्यावर माझ्या मिस्टरांनी तो उतरवला. मला वाटलं वायर बघतायत. मी दिवसभराच्या कामाने गळून गेले होते, झोपले. त्यांनी रात्री दोनपर्यंत बसून कागद सोडवले, फूटपट्टीने मोजून कामट्या एका मापाच्या केल्या, गाठी कापून फेविक्विक लावलं, तिरक्या काड्या काढून टाकल्या, नवीन कागद लावला. सकाळी कंदील असा होता की दुकानातला वाटावा. वाईट हेतू काडीचा नव्हता. लेकीला खूश करायचं होतं.

लेक उठली, खिडकीशी गेली, बराच वेळ बघत राहिली. रडली नाही. "हा बाबांनी केला," एवढंच म्हणाली आणि दात घासायला गेली. मोरीत कापलेल्या गाठींचा पुंजका पडला होता, तो मी उचलून डबीत ठेवला. अजून आहे.

पुढच्या वर्षी मी कामट्या आणल्या तर म्हणाली, "विकतच आणू ना आई. बाबा बघून आणतील."

यावरून आमचा वाद चौदा वर्षं चाललाय. त्यांचं म्हणणं, पोरीला चांगली वस्तू मिळाली तर बिघडलं कुठे? नीट कसं करतात हे तिला कळायला नको? माझं म्हणणं, शिकवायचं होतं तर ती जागी असताना शिकवायचं. तिला शेजारी बसवून म्हणायचं, ही काडी लांब झाली, बघ चौकोन कसा ओढला जातो. तिने स्वतः कापली असती. झोपलेल्या पोराच्या वस्तूला हात लावणं म्हणजे शिकवणं नव्हे, तिची वस्तू काढून घेणं आहे. ते म्हणतात मी गोष्ट मनाला लावून घेतली. हो, घेतली. ती सात वर्षांची पोर तीन दिवस बोटाला दोरा कापेस्तोवर गाठ शिकली होती, आणि ती गाठ माझ्या बापाची होती. हे उत्तर ते वाचतील, वाचू देत.

म्हणून तुम्हालाही तेच सांगते. दिसायला नीट होण्याचा विचार डोक्यातून काढा. शाळेचे प्रोजेक्ट बघा. रविवारी रात्री स्टेशनरीच्या दुकानांत जी गर्दी असते ती मुलांची नसते, आयांची आणि बापांची असते. सोमवारी वर्गात तीस मुलांच्या हातात तीस पालकांची कामं असतात आणि एखादं पोर स्वतः केलेलं घेऊन जातं, ते लाजून दप्तरात लपवतं. लेकीच्या शाळेत एका बाईंनी तिच्या फायलीवर "नीटनेटकेपणा नाही" असा शेरा मारला होता आणि शेजारच्या मुलीच्या विकतच्या मॉडेलला तारा दिला होता. मी भेटायला गेले, बाई म्हणाल्या, आम्हाला काय माहीत कुणी केलं. माहीत नसतं का? सहा वर्षांच्या हाताने कापलेली कड आणि मोठ्या माणसाने कापलेली कड आंधळ्यालाही बोटाने कळेल.

वेळ नाही म्हणता, तर मीही २८ वर्षं नोकरी केली. मुलांसाठी वेगळा "क्राफ्टचा तास" काढायच्या फंदात पडू नका, तो दोन आठवडे चालतो. तुम्ही स्वतः काहीतरी करत बसा. मी सकाळच्या लोकलमध्ये क्रोशा करायची, आमच्या लेडीज डब्यात चार-पाच जणी तरी सुई नाहीतर क्रोशा घेऊन असायच्या. घरी आल्यावर तेच काम पलंगावर पडलेलं असायचं. मुलं आधी दोरा ओढतात, मग गुंता करतात, मग विचारतात. विचारल्याशिवाय सांगायचं नाही. तुम्ही हातात मोबाईल धरून त्यांना मणी ओवायला बसवलंत तर ती ओवणार नाहीत.

आता काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या त्या. विकत आणणं म्हणजे पाप आहे असं माझं म्हणणं नाही. माहीमच्या कंदील गल्लीत दिवाळीच्या आधी जाऊन बघा, तिथेही माणसंच हाताने बांधत असतात, त्यांच्याकडून घेतलेला कंदील हाताचाच आहे. फक्त तो आपल्या पोराच्या कंदिलाच्या जागी लावू नका, शेजारी लावा. आणि प्रत्येक मुलाला हे आवडतंच असं नाही. माझ्या भाच्याला चिकट हात सहन व्हायचे नाहीत, तो किल्ल्यावर मावळे मांडायचा, तेवढंच. ठीक आहे. आणि मिस्टरांबद्दल एवढं ऐकून तुमचं मत वाईट झालं असेल तर तेही बरोबर नाही. २०२० च्या दिवाळीत सगळे घरात होतो, तेव्हा लेकीने आपणहून कामट्या मागितल्या. सोळा वर्षांची होती. तिने तिरक्या काड्या तशाच ठेवल्या. ते समोर खुर्चीत बसून होते, हात मांडीवर धरून. एक चौकोन ओढला जात होता, मला दिसत होतं, त्यांनाही दिसत होतं. काही बोलले नाहीत. तिने विचारल्यावर फूटपट्टी आणून दिली.

साहित्याचं राहिलं. रंगीत कागद, जिलेटीन, दोरे घ्यायला क्रॉफर्ड मार्केटजवळ अब्दुल रेहमान स्ट्रीट, मणी आणि लेस भुलेश्वरला. पण एका कंदिलासाठी तिथवर जायची गरज नाही, पतंगाचे ताव आता कुठल्याही स्टेशनरीत मिळतात. कामट्या नाही मिळाल्या तर खराट्याचे हीर घ्या, दोन-दोन एकत्र बांधून. खळीला एक वाटी मैदा आणि पाच वाट्या पाणी, आधी गार पाण्यात गुठळ्या मोडून घ्या, मग मंद आचेवर पारदर्शक दिसेपर्यंत ढवळा. आप्पा त्यात मोरचूद घालायचे, कीड लागू नये म्हणून. तुमची मुलं लहान आहेत, तुम्ही अजिबात घालू नका, ते विषारी असतं. लागेल तेवढीच खळ शिजवा, दोन दिवसांत ती आंबते. घर लहान आहे तर नऊ इंची कामट्या धरा, कंदील साधारण तेरा इंच उंच होतो, खिडकीत मावतो. बल्ब एलईडीचा लावा, पूर्वीचा तापणारा बल्ब कागदाजवळ नको. वरचा-खालचा चौकोन उघडा ठेवायचा, शेपट्या खालच्याला. कामट्या तुम्ही तासा, धार असते. गाठी मुलांना मारू द्या. चौकोनांच्या चोवीस आणि जोडायच्या बारा, एका संध्याकाळी होत नाहीत, शनिवार-रविवार मोकळा ठेवा.