टोमॅटोचं बी 'रोगप्रतिकारक' होतं, मग करपा आला कसा?

साक्री तालुक्यातल्या एका भाऊंचा प्रश्न आहे: "मना टमाटाले करपा लागना, शेजारना वावरमा मातर काहीच नई. कार्बेन्डाझिमना दोन फवारा मारात, फरक नई. बी तं रोगप्रतिकारक सांगेल व्हतं!"

भाऊ, आधी औषधाचं सांगतो, कारण तिथे पैसे वाया गेलेत. उशिरा येणारा करपा करणारा फायटोप्थोरा दिसतो बुरशीसारखा, पण खरी बुरशी नव्हे. त्याचं नातं शेवाळाच्या कुळाशी जवळचं. कार्बेन्डाझिम हे खऱ्या बुरशीवरचं औषध त्याच्यावर चालतच नाही, दोन काय चार फवारे मारले तरी. बाजरीचा गोसावी आणि मोसंबीचा डिंक्या हे रोग करणारेही याच खानदानातले.

पण हा उशिराचाच करपा आहे ना, हे पहाटे दव असताना पान उलटून बघा. पाणी मुरल्यासारखे काळपट डाग आणि त्यांच्या कडेला खालून पांढरी लव दिसली तर तोच. खालच्या जुन्या पानांवर एकात एक गोल कडी दिसत असतील, तर तो लवकर येणारा करपा. त्याचा रोगकारक वेगळा आणि त्याला लागणारी प्रतिकारशक्तीही वेगळी.

आता शेजाऱ्याचं वावर का वाचलं? हा रोगकारक पानात शिरला की पेशीत काही प्रथिनं सोडतो, म्हणजे झाडाचा बंदोबस्त गाफील राहतो. प्रतिकारक जातीच्या पेशीत एक जागल्या असतो. रोगकारकाचं एखादं प्रथिन त्याने ओळखलं की ती पेशी आसपासच्या पेशींसह स्वतःच मरते. गावात आग लागली की पुढचं छप्पर आपणच ओढून पाडतो ना, तसंच. या रोगकारकाला सुरुवातीला जिवंत पेशीच लागते, त्यामुळे तो तिथेच उपाशी मरतो. पानावर टाचणीच्या टोकाएवढा तपकिरी ठिपका उरतो. ठिपका वाढत नसेल, तर त्याला घाबरून पंप उचलू नका.

अडचण अशी की जागल्या ओळखीचाच चोर धरतो, आणि हा चोर बहुरूपी आहे. हाच करपा बटाट्यालाही येतो. असा जागल्या घडवणारी जनुकं मेक्सिकोतल्या रानटी बटाट्यातून घेऊन विसाव्या शतकात बटाट्याच्या जातींत आणली. एकेकटं जनुक वापरलं तिथे काही वर्षांतच करप्याचे नवे प्रकार त्यांना चकवून गेले. म्हणून आता दोन-तीन जनुकं एकत्र आणतात.

'रोगप्रतिकारक' एवढ्याच शब्दाला मी तरी पैसे देणार नाही. बंगळूरच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेचा अर्का रक्षक हा टोमॅटोचा वाण पर्णगुच्छ विषाणू, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तिघांना दाद देत नाही. उशिराचा करपा त्या यादीत नाही. त्याच संस्थेचा अर्का अभेद हा वाण मात्र त्यालाही दाद देत नाही. दुकानात विचारायचं, "कोणत्या रोगाला?" उत्तर आलं नाही, तर पाकीट खाली ठेवायचं.

आपल्या खान्देशात एरवी ऊनच या रोगाला आवरतं. पण हिवाळ्यात आभाळ आलं, धुई पडली आणि पान रात्रभर ओलं राहिलं की त्याचं फावतं. असं हवामान दिसताच, डाग पडायची वाट न बघता, मॅन्कोझेब २५ ग्रॅम १० लिटर पाण्यातून फवारा. डाग दिसलेच तर मेटॅलॅक्झिल किंवा सायमोक्झॅनिल यांचं मॅन्कोझेबसोबतचं तयार मिश्रण लेबलवरच्या मात्रेत घ्या, पण तेच ते औषध पुन्हापुन्हा नको. तोडणी चालू असेल तर फवारणीनंतर किती दिवस थांबायचं, तेही लेबलवर बघा. जास्त डाग पडलेली पानं तोडून वावराबाहेर पुरा. युरिया सध्या थांबवा. लुसलुशीत दाट झाडोऱ्यात ओल टिकते. सऱ्यांना पाणी सकाळी द्या.

जाता जाता मोसंबीवाल्यांसाठी: डिंक्याच्या बाबतीत निवड खुंटापासूनच होते. रंगपूर लिंबाचा खुंट जंबेरी लिंबाच्या खुंटापेक्षा या रोगापुढे बराच टिकतो. कलमाचा जोड मात्र मातीत गाडू नका.

भाऊ, पुढचा फोन कराल तेव्हा बियाण्याची पावती हाताशी ठेवा. तुमच्या जातीचं आणि शेजाऱ्याच्या जातीचं नाव कळल्याशिवाय मला यापुढचं सांगता येणार नाही.